अण्णांचा ‘लेफ्ट बंडल’ आणि धाकट्याचा ‘राइट’

पत्र

आमचे अण्णा ६४ वर्षांचे आहेत. अजूनही रोज अर्धा दिवस लूमवर जातात. जांगेतल्या हर्नियाच्या ऑपरेशनसाठी तपासण्या केल्या, तेव्हा ईसीजीत ‘एलबीबीबी’ निघालं. कागदावर क्यूआरएस १४८ आणि पीआर १९० असे आकडे आहेत. भूलतज्ज्ञांनी ऑपरेशन पुढे ढकलून टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) सांगितला. छातीत कधी दुखलं नाही, चक्करही नाही. जिना चढताना दम लागतो, पण ‘वय झालं’ म्हणतात. बीपीची गोळी ९ वर्षांपासून आहे, पण बरं वाटलं की बंद करतात. शेजारी म्हणतात, हार्टला ब्लॉक आहे तर अँजिओप्लास्टी करून मोकळे व्हा. त्यातच धाकट्या भावाच्या (वय २७) नोकरीच्या मेडिकलमध्ये ‘इनकम्प्लिट आरबीबीबी’ आलं. हे घराण्यातच आहे का? अण्णांना पेसमेकर लागेल का, आणि लागला तर लूम सोडावा लागेल का? कोजागरीला ते तुळजापूरला चालत जातात, यंदा जाऊ द्यावं का?

— एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

उत्तर

शेजाऱ्यांच्या सल्ल्याचं आधी बघू, कारण त्यात पैसे आणि जोखीम दोन्ही आहेत. अँजिओप्लास्टी हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांमधल्या अडथळ्यावर करतात. अण्णांच्या कागदावरचा ब्लॉक विजेच्या मार्गातला आहे. धमन्या अगदी स्वच्छ असतानाही हा ब्लॉक असू शकतो, आणि धमन्या तुंबलेल्या असताना ईसीजी सरळ असू शकतो. त्यामुळे या एका कागदावर कुणी स्टेंटची तारीख देत असेल तर ती घेऊ नका. भूलतज्ज्ञांनी मात्र योग्य तेच केलं. ऑपरेशन रद्द झालेलं नाही, एका तपासणीसाठी थांबलं आहे.

हृदयाचा ठोका वरच्या उजव्या कप्प्यातल्या साइनस नोडमधून निघतो. वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या सीमेवर एव्ही नोड आहे. तिथे तो क्षणभर रेंगाळतो, मग हिस बंडल नावाच्या तंतूंच्या जुडग्यातून खाली उतरतो. तिथून दोन फाटे फुटतात. उजवा फाटा बारीक आणि लांब असतो. डावा रुंद असतो आणि पुढे त्याच्याही पुढची व मागची अशा दोन शाखा होतात. शेवटी पर्किंजे तंतूंचं जाळं हा संदेश स्नायूपर्यंत पोचवतं. या तंतूंमधून वीज स्नायूपेक्षा कितीतरी पटींनी वेगाने धावते, म्हणून दोन्ही खालचे कप्पे जवळजवळ एकाच क्षणी आकसतात. सगळ्या खालच्या भागात वीज पसरायला जेवढा वेळ लागतो तो क्यूआरएस. निरोगी माणसात तो साधारण ७० ते ११० मिलिसेकंद असतो. १२० किंवा त्याहून जास्त झाला आणि आकारही जुळला, तर पूर्ण बंडल ब्रँच ब्लॉक म्हणतात.

अण्णांचा डावा फाटा वीज नेत नाही, म्हणून ‘एलबीबीबी’, म्हणजे लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक. मग डाव्या कप्प्यापर्यंत ती उजवीकडून, दोन कप्प्यांमधला पडदा ओलांडून, स्नायूतून वाट काढत जाते. पुणे हायवे मोहोळला बंद झाला की गाड्या आतल्या गावांतून वळसा घालून जातात, तसंच. पोचते, पण उशिरा. त्यामुळे मधला पडदा आधी आकसतो आणि डाव्या कप्प्याची बाहेरची भिंत मागाहून. ठोका चुकत नाही, नाडी नियमित लागते, माणसाला काही कळत नाही. पण पंपाच्या दोन भिंती एकाच वेळी दाबत नसल्यामुळे प्रत्येक ठोक्यात थोडी ताकद वाया जाते.

कागद हाताशी असेल तर स्वतः बघा. बाजूला ‘२५ मिमी/सेकंद’ छापलेलं असतं. त्या वेगाला एक बारीक चौकोन म्हणजे ४० मिलिसेकंद. क्यूआरएसची रुंदी तीन बारीक चौकोनांइतकी किंवा जास्त असेल तर ती १२० किंवा त्याच्या वर. अण्णांची साडेतीनपेक्षा थोडी जास्त भरेल. डाव्या ब्लॉकमध्ये व्ही-१ मध्ये रेष खोल खाली जाते, आणि लीड-१, एव्हीएल, व्ही-५, व्ही-६ मध्ये रुंद, डोक्यावर खाच पडलेला उंचवटा दिसतो (ही कागदावरच्या वेगवेगळ्या रेषांची नावं). मशीनने वर छापलेलं निदान हा मसुदा असतो. त्याखाली डॉक्टरांनी हाताने काय लिहिलं आणि सही केली का, ते पाहायचं. मशीन कधीकधी डाव्या कप्प्याच्या नुसत्या जाड झालेल्या स्नायूलाही एलबीबीबी म्हणून मोकळं होतं. म्हणून काही तज्ज्ञ ‘खरा’ डावा ब्लॉक म्हणायला पुरुषांत १४० आणि स्त्रियांत १३० मिलिसेकंदांची कडक अट लावतात. अण्णा १४८ वर आहेत, म्हणजे त्या अटीतही बसतात.

उजव्या ब्लॉकला (आरबीबीबी) आम्ही बऱ्याचदा ‘असू दे’ म्हणतो, डाव्याला सहसा नाही. उजवा फाटा नाजूक आहे, तो निरोगी माणसातही बंद सापडतो. डावा फाटा रुंद आहे आणि त्याला रक्तपुरवठाही एकाहून जास्त ठिकाणांहून मिळतो. तो बंद पडतो तेव्हा मागे बहुधा काहीतरी असतं: वर्षानुवर्षांचं बीपी, धमन्यांचा आजार, पूर्वी येऊन गेलेला आणि लक्षात न आलेला झटका, हृदयाचा स्नायू पातळ होऊन कप्पा फुगणं, महाधमनीची झडप चुन्यासारखी कडक होणं, किंवा उतारवयात या तंतूंचीच झीज. काहींत यातलं एकही सापडत नाही. पण ते शोधून झाल्यावर म्हणायचं, शोधण्याआधी नाही. अण्णांच्या बाबतीत पहिला संशय बीपीवर. ९ वर्षं गोळी चालू-बंद करणं म्हणजे बरीच वर्षं बीपी मोकाट होतं असंच धरावं लागतं. ‘बरं वाटतं’ हा बीपी आटोक्यात असल्याचा पुरावा नाही, मशीनवरचा आकडा आहे.

आणि तो दम. चौसष्टीत, रोज लूमवर उभं राहणाऱ्या माणसाला एका जिन्यात दम लागत असेल, तर त्याला वय म्हणून सोडून देऊ नये, निदान या ईसीजीनंतर तरी नाही. रात्री उशा वाढवाव्या लागतात का, झोपेतून धापा टाकत उठतात का, संध्याकाळी घोट्यांवर बोट दाबलं तर खड्डा राहतो का, वर्षभरापूर्वी हाच जिना सहज चढत होते का, हे विचारा. अण्णांना थेट विचाराल तर ‘काही नाही’ एवढंच म्हणतील. आईला विचारा.

टूडी इकोला जाताना ईसीजी बरोबर न्या, म्हणजे तपासणाऱ्याला डावा ब्लॉक आहे हे आधीच माहीत असेल. याला कारण आहे. डाव्या ब्लॉकमध्ये पडदा विचित्र हलतो, आणि रिपोर्टात ‘पडद्याची हालचाल कमी’ असं लिहून येतं. घरचे ते वाचून ‘म्हणजे झटका येऊन गेला’ असं धरतात. पडदा आकसताना नीट जाड होत असेल तर ती हालचाल बहुतेक वेळा नुसत्या विजेच्या उशिरामुळे असते. झटक्यात मेलेला स्नायू पातळ पडतो आणि जाड होत नाही. हा फरक रिपोर्टात लिहून द्यायला सांगा. इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे डावा कप्पा दर ठोक्याला आपल्यातलं किती टक्के रक्त बाहेर टाकतो तो आकडा, नजरेच्या अंदाजाने न घेता सिम्पसन पद्धतीने मोजून मागा. निर्णय पुढे याच आकड्यावर फिरतात, आणि अंदाजात पाच-दहा टक्के इकडेतिकडे सहज होतात. शिवाय स्नायूची जाडी, महाधमनीची झडप, मायट्रल झडपेची गळती आणि फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब. बरोबर रक्तात हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळतं तो आकडा), सोडियम-पोटॅशियम, साखर आणि थायरॉइड. दम लागायला हिमोग्लोबिन ८ हे कारणही पुरेसं असतं.

अण्णांना कुणी पट्ट्यावर चालवायची टीएमटी सांगितली तर एक प्रश्न विचारा: ‘डाव्या ब्लॉकमध्ये ही वाचता येईल का?’ टीएमटीचा सगळा आधार एसटी नावाच्या रेषेच्या चढउतारावर असतो. डाव्या ब्लॉकमध्ये ती रेष मुळातच हललेली असते. त्यामुळे टीएमटी ‘पॉझिटिव्ह’ आली काय नि ‘निगेटिव्ह’ आली काय, धमन्यांबद्दल ती काही सांगत नाही. तरी पॅकेजमध्ये ती असते म्हणून होते, पॉझिटिव्ह येते, आणि त्यावरून लोक अँजिओग्राफीच्या टेबलावर जातात. धमन्यांचा संशय असेलच तर सीटी कोरोनरी अँजिओग्राफी किंवा औषध देऊन केलेली स्ट्रेस तपासणी हे सरळ मार्ग आहेत. सीटीला डाय लागतो, म्हणून आधी क्रिएटिनिन. न्यूक्लिअर स्कॅन ठरला तर तो चालवून किंवा डोब्युटामिनने (ठोके वाढवणाऱ्या औषधाने) न करता अॅडेनोसिनसारख्या औषधाने करायचा. वेगाने धडधडणाऱ्या डाव्या ब्लॉकमध्ये पडद्याकडे रक्त कमी जातंय असं खोटंच चित्र उमटतं. इकोत इजेक्शन फ्रॅक्शन कमी निघालं किंवा छातीत दाटणं सुरू झालं, तर हृदयरोगतज्ज्ञ थेट साध्या अँजिओग्राफीकडे जाऊ शकतात. तिथे त्यांचं ऐका.

इकोनंतर पुढचा रस्ता साधारण असा. इजेक्शन फ्रॅक्शन पन्नास-पंचावन्नच्या वर असेल आणि झडपा ठीक असतील, तर ब्लॉकसाठी कुठलंही औषध नाही, कारण बंद फाटा उघडणारी गोळी अस्तित्वातच नाही. बीपी आटोक्यात, साखर-कोलेस्टेरॉल तपासलेलं, तंबाखू-मिश्री बंद, आणि वर्षाकाठी एक ईसीजी व इको. हा इको टाळू नये. डावा ब्लॉक हा स्वतःच काही लोकांत वर्षांनी पंप कमजोर करतो. आकडा चाळीसच्या आत आला, तर हार्ट फेल्युअरची चार प्रकारची औषधं एकत्र, कमी डोसपासून सुरू होतात: सॅक्युबिट्रिल-वालसार्टन किंवा एसीई गटातलं एक, बीटा ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोन, आणि डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. शेवटचं साखरेचं औषध म्हणून ओळखलं जातं, त्यामुळे ‘अण्णांना शुगर नसताना हे का?’ असा फोन हमखास येतो. ते हृदयासाठीच असतं.

ही औषधं किमान तीन महिने पूर्ण डोसच्या जवळ नेऊनही आकडा ३५ किंवा खालीच राहिला आणि डावा ब्लॉक कायम असेल, तर सीआरटी नावाचा खास पेसमेकर विचारात येतो. त्याची एक तार उजव्या कप्प्यात आणि एक डाव्या कप्प्याच्या बाहेरच्या बाजूच्या शिरेत बसते. दोन्ही भिंतींना एकाच वेळी वीज मिळते, वाया जाणारी ताकद परत कामाला येते. क्यूआरएस १५० च्या वर असेल तर फायदा सर्वांत खात्रीचा, १३० ते १४९ मध्येही विचार होतो, १३० च्या खाली करू नये. अण्णांचं १४८ पाहून ‘दोन मिलिसेकंदांनी हुकलं’ असं हिशेब मांडत बसू नका. दोन मशीनच्या मापात तेवढा फरक पडतोच. आता डाव्या फाट्याजवळच तार बसवण्याची पद्धतही वापरात आली आहे. २०१७ मध्ये चीनमधल्या डॉक्टरांनी ती प्रथम मांडली.

साध्या पेसमेकरचा प्रश्न वेगळा. लक्षण नसलेला एकटा डावा ब्लॉक, पीआर (वरच्या कप्प्यांपासून खालच्यांपर्यंत वीज पोचायचा वेळ) १९० म्हणजे २०० च्या आतला: पेसमेकर लागत नाही. ‘पुढे लागेलच, आत्ताच बसवून घेऊ’ हेही नाही. चित्र बदलतं ते शुद्ध हरपल्यावर. एक फाटा आधीच बंद आहे. दुसराही अधूनमधून बंद पडू लागला तर खालच्या कप्प्यांना संदेशच जात नाही, काही सेकंद हृदय थांबतं आणि माणूस बसल्या जागी कोसळतो. पडण्याआधी घाम, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी असं काही नसतं, आणि अर्ध्या मिनिटात तो उठून ‘मला काय झालं?’ विचारतो. असं एकदा जरी झालं तरी त्याच दिवशी भरती व्हायचं. अशा वेळी मॉनिटर, होल्टर (दिवसभर ईसीजी नोंदवणारं यंत्र) आणि गरज पडली तर इलेक्ट्रोफिजिओलॉजी तपासणी (हृदयाच्या आत तार नेऊन विजेचा मार्ग मोजणं) करतात. हिस बंडलपासून खालच्या स्नायूपर्यंतचा वेळ, जो एरवी ३५ ते ५५ मिलिसेकंद असतो, तो ७० किंवा वर निघाला तर पेसमेकर. एका ईसीजीत डावा आणि दुसऱ्यात उजवा ब्लॉक दिसला, तर लक्षणांची वाटही न पाहता पेसमेकर. उजव्या ब्लॉकबरोबर डाव्या फाट्याची पुढची शाखाही बंद, असं ‘बायफॅसिक्युलर’ ज्यांच्या रिपोर्टात आहे त्यांनाही भोवळीचा हाच नियम लागू.

लूमची काळजी एवढी नको. पेसमेकरवाल्याने चालू मोटरवर छाती टेकवून वाकू नये, हातभर अंतर ठेवावं. मोबाइल विरुद्ध बाजूच्या कानाला धरावा, वरच्या खिशात ठेवू नये. आर्क वेल्डिंग टाळावं. सांधा बांधणं, बॉबिन बदलणं यात काही अडचण नाही. फक्त बसवल्यानंतरचे चार ते सहा आठवडे त्या बाजूचा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. खर्चाचं म्हणाल तर पेसमेकरचं पॅकेज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे. केंद्राच्या योजनेशी जोडल्यावर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं. रेशन कार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला आधी भेटा, भरती झाल्यावर नाही.

आता एक काम, जे फुकट आहे आणि सगळ्यांत मोलाचं आहे: अण्णांचा जुना ईसीजी शोधा. बीपीची गोळी सुरू झाली तेव्हा काढला असेल, विम्याच्या मेडिकलमध्ये असेल, ईएसआयच्या फाइलमध्ये असेल. पाच वर्षांपूर्वीही हाच डावा ब्लॉक होता असं दिसलं तर निम्मी धावपळ थांबते. गेल्या वर्षी सरळ होता आणि यंदा आला, तर तपास लवकर आणि खोलवर. ईसीजीचा कागद उष्णतेवर छापणारा असतो. आपल्या मे महिन्यात पत्र्याखालच्या कपाटात ठेवला की काळा पडतो नाहीतर पुसला जातो, आणि लॅमिनेशन केलं तर मशीनमध्येच काळा होतो. त्याची झेरॉक्स काढा, फोटो काढा, फोटोला तारखेचं नाव द्या, आणि तो अण्णांच्या व आईच्या दोघांच्याही फोनमध्ये ठेवा. छातीत दुखून रात्री दोनला सिव्हिलमध्ये गेलात, तर डाव्या ब्लॉकमुळे ईसीजीवरून झटका ओळखणं अवघड असतं. तेव्हा ड्यूटीवरच्या डॉक्टरांना हा जुना फोटो सोन्यासारखा उपयोगी पडतो.

धाकट्याचं प्रकरण वेगळं आहे आणि बहुधा काहीच नाही. ‘इनकम्प्लिट’ म्हणजे क्यूआरएस ११० ते ११९ मध्ये, व्ही-१ मध्ये दोन उंचवटे. तरुण, सडपातळ, व्यायाम करणाऱ्या मुलांत हे नेहमी दिसतं. दुसरं नेहमीचं कारण म्हणजे चुकीच्या जागी चिकटवलेले इलेक्ट्रोड. मेडिकल कॅम्पमध्ये घाईत व्ही-१ आणि व्ही-२ गळ्याकडे वर लावतात आणि हुबेहूब हेच चित्र येतं. योग्य जागा चौथ्या बरगडी-फटीत, छातीच्या मधल्या हाडाच्या दोन्ही बाजूंना. गळ्याखाली हाडावर आडवा उंचवटा लागतो, त्याला लागून दुसरी बरगडी, तिच्याखाली दुसरी फट, तिथून आणखी दोन फटी खाली. हातापायांच्या तारा लाल उजव्या हाताला, पिवळी डाव्या हाताला, हिरवी डाव्या पायाला, काळी उजव्या पायाला. नीट जागी लावून एकदा पुन्हा ईसीजी काढा. सरळ आला तर विषय संपला, तोच कागद नोकरीच्या फाइलला जोडा.

पुन्हा तसाच आला तर फिजिशियनकडून स्टेथोस्कोपने छाती तपासून घ्या. हृदयाचा दुसरा आवाज कायम दुभंगलेला किंवा मर्मर (रक्तप्रवाहाचा जादा आवाज) ऐकू आला तर वरच्या कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मजात छिद्र आहे का, यासाठी एक इको. घरात कुणी पंचेचाळिशीच्या आत झोपेत किंवा अचानक गेलं असेल, किंवा भाऊ स्वतः कधी बेशुद्ध पडला असेल, तर हे आवर्जून सांगा. ब्रुगाडा नावाचा दुर्मीळ आजार व्ही-१, व्ही-२ मध्ये असाच भासतो, ताप आला की तो उघडा पडतो, आणि तो खरोखर घराण्यात चालतो. एवढा अपवाद सोडला तर अण्णांच्या, बहुधा बीपी आणि वयातून आलेल्या, डाव्या ब्लॉकचा धाकट्याच्या उजव्याशी काही संबंध नाही.

हर्नियाचं ऑपरेशन इको ठीक आला तर करता येतं, कमरेतून भूल देऊनही. एकट्या डाव्या ब्लॉकसाठी आधी तात्पुरता पेसमेकर लावावा लागत नाही. ऑपरेशनच्या सकाळी कुठली गोळी घ्यायची आणि कुठली नाही हे भूलतज्ज्ञांकडून कागदावर लिहून घ्या. बीटा ब्लॉकर सहसा चालू ठेवतात, अचानक थांबवला तर नुकसान होतं. काही बीपीच्या गोळ्या त्या दिवशी थांबवतात, कारण भुलीत बीपी फार खाली जातं. तोवर जांगेतला फुगवटा आत जाईनासा झाला, दुखू लागला, उलट्या सुरू झाल्या, तर इकोची तारीख वगैरे विसरून सरळ रुग्णालयात. अडकलेलं आतडं थांबत नाही.

इजेक्शन फ्रॅक्शनचा आकडा कमी आला आणि स्पायरोनोलॅक्टोन किंवा सॅक्युबिट्रिल-वालसार्टन सुरू झालं, तर ‘लो सोडियम’ म्हणून मिळणारं मीठ घरात आणू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. मूत्रपिंड जरा मंद असेल तर रक्तात पोटॅशियम साचतं आणि तेही क्यूआरएस रुंद करतं. ते या ब्लॉकपेक्षा फार लवकर जिवावर बेततं. साधंच मीठ ठेवा आणि कमी करा, दिवसाला सगळं मिळून एक चहाचा चमचा. भाकरीबरोबरची शेंगाचटणी बंद नको, पण विकतच्या चटणीत मीठ किती ते आपल्या हातात नसतं. घरी करा, मीठ निम्मं टाका. पोटॅशियम आणि क्रिएटिनिन औषध सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत, आणि डोस वाढवला की पुन्हा.

छातीत दहा मिनिटांपेक्षा जास्त दाटणं, त्याबरोबर घाम किंवा डावा हात, जबडा जड होणं, विश्रांतीतही धाप, किंवा शुद्ध हरपणं: १०८. रिक्षात घालून तीन दवाखाने फिरू नका. माणूस प्रतिसाद देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर छातीच्या मध्यावर दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबत राहायचं, मदत येईपर्यंत.

राहिलं तुळजापूर. सोलापुरातून चालत सुमारे ४५ किलोमीटर, बरचसं रात्री, गर्दीत, आणि हर्निया घेऊन. इको होईपर्यंत ‘हो’ म्हणता येणार नाही. इजेक्शन फ्रॅक्शन ठीक, बीपी सलग दोन आठवडे १४०/९० च्या खाली (पाच मिनिटं बसून, हात छातीच्या उंचीवर ठेवून, दोनदा मोजलेलं), आणि रोज चार-पाच किलोमीटर दम न लागता चालता येत असेल, तर काही टप्पा चालून उरलेला एसटीने करायला हरकत नाही. बरोबर कुणीतरी हवं. गोळ्या खिशात, पिशवीत नाही, आणि बीपीची गोळी ‘चालायचंय’ म्हणून चुकवायची नाही. ऑपरेशन कोजागरीच्या आधी झालं तर सर्जनने परवानगी दिल्याशिवाय तेवढंही नाही. आकडा कमी आला तर यंदा दर्शन एसटीने. इकोचा रिपोर्ट आणि जुन्या ईसीजीची तारीख मिळाली की कळवा, पुढचं त्यावर सांगता येईल.